लांडगा परत आला : स्वीडन देशांतील शिकाऱ्यांची कैफियत

गेल्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत मुलीच्या घरीं जाण्याच्या निमित्तानें स्वीडन देशांत दोन महिने राहण्याचा योग मला आला. माझे जांवई तेथील वेर्मलांड प्रांतांत कार्लस्टाड शहरीं नोकरीस आहेत. निघतेवेळीं आपल्या मासिकाच्या संपादकांनीं ‘तिकडील शेतकऱ्यांविषयीं कांहीं लिहून आणा’ असें मला बजाविलें होतें. परंतु मी पडलों महसूल खात्यांतील सेवानिवृत्त कारकून; माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. तेव्हां तिकडील यंत्रें व बीं-बियाणें यांवर अधिकारवाणीनें लिहिणें मला शोभणार नाहीं. मात्र एक गोष्ट अशी दृष्टीस पडली कीं, ती आपल्या माळावरच्या मेंढपाळासहि तेव्हांच समजावी, आणि तरीहि त्या सुधारलेल्या देशांत इतक्या वर्षांत तिचा निकाल लागलेला नाहीं. नाहींसा झालेला लांडगा तेथील रानांत परत आला आहे, आणि त्यामुळें शिकारी लोकांच्या मनांत मोठें वादळ उठलें आहे.

प्रथम ‘शिकारी’ या शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. आपल्याकडे शिकारी म्हटला कीं, मचाण, हांका, संस्थानिक व साहेबलोक असें जुनें चित्र डोळ्यांपुढें येतें; शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो विषय आपल्या देशांत संपल्यासारखाच आहे. स्वीडनमध्यें तसें नाहीं. सुमारें एक कोटि पांच लक्ष वस्तीच्या त्या देशांत जवळजवळ तीन लक्ष लोक शिकार करतात. त्यांत शेतकरी आहेत, सुतार आहेत, शाळामास्तर आहेत, इस्पितळांतील परिचारिकाहि आहेत. शिकारीचा हक्क तेथें जमिनीच्या मालकीबरोबर चालतो. ज्याच्या उताऱ्यावर रान, त्यास त्या रानांत शिकारीचा हक्क, असें आपल्या भाषेंत म्हणतां येईल. लहानसहान खातेदार आपापलीं रानें एकत्र करून शिकारीपुरता एक जथा बनवितात, आणि मारलेल्या जनावराचें मांस ठरलेल्या वांट्यानें घरोघर जातें. तेव्हां ही हौसेची बाब खरी, पण ती शेताच्या उत्पन्नाचीहि बाब आहे.

हें मुख्य जनावर म्हणजे एल्क. सांबराहून कितीतरी थोर, लांब पायांचें, नाक फुगीर, आणि नराचें वजन चारशें-पांचशें किलोपर्यंत भरतें. लांडगा नव्हता त्या काळांत या जनावराची अफाट वाढ झाली. १९८२ सालीं एका हंगामांत १,७४,००० एल्क मारले गेले, तो उच्चांक. अलीकडे हा आंकडा पन्नास-साठ हजारांच्या घरांत आला आहे. एल्क कोवळ्या पाइन झाडांचे शेंडे खातो, म्हणून लांकडाचा व्यापार करणारे वनमालक त्याच्यावर नाराज असतात. जें जनावर एकाच्या ताटांत अन्न, तेंच दुसऱ्याच्या रानांत नुकसान. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां लांडगा. शेंकडों वर्षें त्याला मारण्याबद्दल बक्षिसें दिलीं गेलीं, आणि १९६६ सालीं त्यास कायद्याचें संरक्षण मिळालें तेव्हां संरक्षण करण्यास लांडगा जवळजवळ उरलाच नव्हता. पुढें फिनलंड व रशियाच्या बाजूनें शेंकडों मैल चालून आलेलें एक जोडपें वेर्मलांडच्या उत्तर टोंकास स्थिरावलें, आणि १९८३ सालीं न्यूस्कूगा नांवाच्या भागांत त्यास पिलें झालीं. १९९१ च्या सुमारास आणखी एक नर पूर्वेकडून आला. नंतर पंधरा-सोळा वर्षें त्या देशांतील सगळा लांडगा या तीनच जनावरांचा वंश होता. आपल्याकडे एखाद्या घराण्याची वंशावळ काढतांना कारकुनाच्या नाकीं नऊ येतात; येथें विष्ठेवरून व रक्तावरून प्रत्येक लांडग्याचा बाप कोण, आजा कोण, हें सरकारदप्तरीं लिहिलेलें आहे! २०२२-२३ च्या हिवाळ्यांत मोजणी सुमारें साडेचारशें भरली होती. २०२४-२५ च्या हिवाळ्यांत ती साडेतीनशेंवर आली. यांतील बहुतेक वेर्मलांड व त्याच्या शेजारच्या मध्य प्रांतांत राहतात. अगदीं उत्तरेकडे सामी लोकांचीं रेनडिअरचीं खिल्लारें चरतात, तेथें लांडग्यास स्थिर होऊं देत नाहींत.

जांवयांच्या कचेरींतील एक सोबती मूळचे उत्तर वेर्मलांडांतील खेड्याचे. त्यांच्या वडिलांच्या जथ्याबरोबर एक दिवस घालविण्याची परवानगी मला मिळाली. सकाळीं सात वाजतां अजून अंधार होता. शेतघराच्या स्वयंपाकघरांत नऊ मंडळी जमलीं होतीं. सर्वांच्या टोप्या भडक नारिंगी, ती एकमेकांची गोळी एकमेकांस लागूं नये म्हणून. सत्तरीच्या घरांतील ते वडील जथ्याचे प्रमुख. त्यांनीं टेबलावर नकाशा पसरला. तो नकाशा पाहून माझा जीव सुखावला. बांध, ओढे, वाटा, प्रत्येकाची बसण्याची जागा, सर्व क्रमांकानिशीं. पद्धत अशी कीं, बाकीच्यांनीं नेमल्या जागीं बंदूक घेऊन निश्चल बसावें आणि एकानें कुत्रा घेऊन रानांत शिरावें. कुत्रा मोकळा सुटला म्हणजे वासानें एल्क हुडकतो, आणि त्याच्यासमोर उभा राहून एकसारखा भुंकत त्यास जागच्या जागीं खिळवून ठेवतो. कधीं कधीं मालकापासून दोन-तीन मैल दूर, एकटा. ‘येम्टहुंड’ नांवाची करड्या रंगाची जात या कामांत नांवाजलेली आहे. रंगानें व बांध्यानें ती लांडग्याचीच सख्खी बहीण वाटते. असा कुत्रा पुरा तयार होण्यास तीन-चार वर्षें लागतात.

त्या दिवशीं मात्र कुत्रा गाडींतून उतरलाच नाहीं. दोन तरुण पहांटेपासून रानवाटा तपाशीत हिंडत होते. आठाच्या सुमारास त्यांचा फोन आला कीं, ओल्या वाळूंत दोन लांडग्यांचीं पावलें आहेत व तीं ताजीं आहेत. प्रमुखांनीं मान हालविली, गाडीचें दार पुन्हां लावलें, आणि सर्वजण आपापल्या जागीं जाऊन चार तास नुसते बसले. मीहि एका ओंडक्यावर बसलों. एल्क एकहि दिसला नाहीं. थंडीनें माझीं बोटें वळेनाशीं झालीं.

दुपारीं कॉफीच्या वेळीं बोलणें निघालें. जांवई दुभाषी झाले. मीं विचारलें, ‘लांडगा तुमचें किती खातो?’ यावर जो तो एकदम बोलूं लागला. जांवई म्हणाले, ‘मामा, एका वेळीं एकास विचारा.’ मग मीं कागद घेतला आणि हिशेब मांडला, जुनी खोड.

तेथील संशोधकांचें मोजमाप असें आहे कीं, लांडग्याच्या एका कुटुंबाचा मुलूख सुमारें १,००० चौरस किलोमीटर असतो, आणि तें कुटुंब वर्षाकाठीं शंभर ते एकशेंतीस एल्क मारतें. त्यांत पाडसांचा भरणा फार. या जथ्याचें रान पन्नास चौरस किलोमीटर, म्हणजे मुलुखाचा विसावा हिस्सा. तेव्हां लांडग्याची आकारणी त्यांच्यावर वर्षास पांच-सहा एल्कांची बसते. पूर्वीं जथा दरसाल बारा-चौदा मारीत असे. बारांतून सहा गेले तर सहा उरावे. ‘आतां तुम्ही किती मारतां?’ ‘चार; फार तर पांच.’ मग वरचे एक-दोन गेले कोठें? हा प्रश्न ऐकून प्रमुख जरा हंसले व म्हणाले, ‘ते रानांतच आहेत. कुत्रा सोडल्यावांचून ते दाखवील कोण?’

ही त्या एकाच जथ्याची गोष्ट नव्हे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत लांडगा येण्यापूर्वींचे व नंतरचे शिकारीचे आंकडे कित्येक मुलुखांत तपासून पाहिले. जेथें लांडगा नव्यानें वसला, तेथें लांडग्यानें जेवढें मारलें असावें त्याहून अधिक शिकाऱ्यांनीं आपली शिकार आपण होऊन व तत्काळ कमी केली. शिवाय माद्या मारण्याचें प्रमाणहि उतरविलें. म्हणजे लांडग्याचा वांटा तर त्यांनीं भरलाच, वर कांहीं आगाऊहि भरलें. आपल्या शेतकऱ्यांस आणेवारीचा अनुभव आहे. पीक डोळ्यांनीं दिसत असतांहि पुढच्या भीतीनें ती खालीं लिहिली जाते. येथें शिकाऱ्यानें स्वतःच स्वतःची आणेवारी कमी लिहिली. तेव्हां हिशेबाच्या बाबतींत हे लोक आडमुठे नाहींत. मांस कमी झालें तें त्यांनीं सोसलें आहे. त्यांचें दुखणें वेगळेंच आहे, आणि तें त्या टेबलाशीं कॉफी संपल्यावर बाहेर पडलें.

दोन हिवाळ्यांपूर्वीं प्रमुखांचा कुत्रा लांडग्यांनीं मारला. हल्लीं शिकारी कुत्र्याच्या गळ्यांत यंत्र बांधतात, आणि तो कोठें आहे तें मालकास हातांतील पडद्यावर टिंबाच्या रूपानें दिसतें. म्हातारे सांगत होते, ‘टिंब एका जागीं थांबलें. मला वाटलें, एल्क गांठला. मी कान देऊन उभा राहिलों, पण भुंकणें येईना. टिंब तर हलेना.’ ते पोहोंचले तेव्हां बर्फावर काय पडलें होतें, तें त्यांनीं सांगितलें. मी येथें लिहीत नाहीं. सरकारनें पंचनामा केला, पावलें मोजलीं, नुकसानभरपाई दिली. ‘पैसे वेळेवर मिळाले,’ हें त्यांनीं मुद्दाम सांगितलें. त्यानंतर त्यांनीं कुत्रा पाळलेला नाहीं.

लांडगा कुत्र्यास भुकेनेंच मारतो असें नव्हे. आपल्या हद्दींत शिरलेला परका लांडगा समजून तो त्याच्यावर तुटून पडतो. अतिक्रमणाचा निकाल तो जाग्यावर लावतो एवढेंच. असे बळी दरसाल दोन-तीन डझन होतात. लांडग्याचे कैवारी म्हणतात कीं, रस्त्यावरील मोटारींखालीं याहून पुष्कळ कुत्रे मरतात. हें खरें असेलहि. पण मोटारीच्या भीतीनें कोणी शिकारीची रीत सोडीत नाहीं, आणि लांडग्याच्या भीतीनें ती सुटत चालली आहे. कित्येकजण आतां कुत्रा दोरीस बांधूनच नेतात. कांहीं कुत्र्यांस जाड बंडी घालतात. चावणाऱ्यास विजेचा झटका बसेल अशा बंड्याहि निघाल्या आहेत. सशाच्या मागें मैलोगणती धांवणारे जे दुसऱ्या जातीचे कुत्रे, त्यांची शिकार तर लांडग्याच्या मुलुखांत बहुतेक मोडीतच निघाली. धन्याच्या डोळ्यांआड, एकट्यानें काम करणें हाच ज्या कुत्र्याचा गुण, त्यास दोरीस बांधणें म्हणजे बैलास जुंपून नांगर उचलून धरण्यासारखें आहे.

आपलें जनावर डोळ्यांदेखत मारलें जात असतां धन्यानें काय करावें? पूर्वीं याचें कायदेशीर उत्तर फार अरुंद होतें. २००७ सालापासून सरकारनें तो अधिकार वाढविला. हल्ला चालू असतां किंवा तो होणारच असें उघड दिसत असतां मालकास लांडग्यावर गोळी घालतां येते. परंतु कुत्रा दोन मैलांवर असतो व मालक अलीकडे असतो. हा अधिकार बहुधा कागदावरच राहतो.

याच्या पुढची गोष्ट अशी कीं, तिचें नांव त्या स्वयंपाकघरांत कोणीहि काढलें नाहीं. संशोधकांनीं १९९८ ते २००९ या काळांतील लांडग्यांचा जमाखर्च तपासून २०१२ सालीं असा निष्कर्ष छापला कीं, मेलेल्या लांडग्यांपैकीं सुमारें निम्मे बेकायदा मारले गेले होते, आणि त्यांतील दोन तृतीयांश प्रकार कोणाच्या नजरेस आलेच नाहींत. गळ्यांत यंत्र असलेला लांडगा एके दिवशीं एकाएकीं नाहींसा होतो. प्रेत नाहीं, यंत्राचा आवाज नाहीं, साक्षीदार नाहीं. जन्मभर कायद्याच्या चाकरींत घालविलेल्या माणसास हें मान्य होणें शक्य नाहीं. परंतु सबंध गांव एखादी गोष्ट पाहूनहि कशी पाहत नाहीं, हेंहि त्याच चाकरींत मीं पाहिलेलें आहे. बांधावरील झाड कोणीं तोडलें, असें विचारल्यावर जी शांतता पसरते, तिचा अर्थ वाचकांस सांगावयास नको.

सरकारनें ही वाफ कोंडून न ठेवतां वाट करून देण्याचा प्रयत्न केला. २००९ सालीं तेथील कायदेमंडळानें लांडग्यांची संख्या २१० च्या वर जाऊं देऊं नये असें ठरविलें, आणि १९६६ नंतर प्रथमच, २०१० च्या जानेवारींत, परवान्यानें २७ लांडगे मारण्याची मुभा दिली. सत्तावीस लांडग्यांकरितां दहा हजारांहून अधिक शिकाऱ्यांनीं नांवें नोंदविलीं! युरोपीय संघानें हरकत घेतली, खटले चालले, कांहीं वर्षें परवाने निघाले, कांहीं वर्षें कोर्टांनीं थांबविले. २०२३ सालीं ७५ लांडग्यांची परवानगी निघाली, ती या नव्या काळांतील सर्वांत मोठी. २०२४ सालीं ३६, २०२५ सालीं ३०. त्याच २०२५ सालीं युरोपीय संघानेंहि लांडग्याच्या संरक्षणाची पायरी एका अंशानें खालीं आणली, आणि स्वीडनच्या सरकारनें वंश टिकण्यास लागणारी किमान संख्या ३०० ऐवजीं १७० धरण्याकडे पाऊल टाकलें. प्राणिशास्त्रज्ञांचा यास विरोध आहे. मोजक्या जनावरांचा वंश, त्यांत भाऊबहिणींसारखे संबंध. संख्या घटली तर रक्त आणखी पातळ होईल असें ते म्हणतात, आणि तें म्हणणें मला सयुक्तिक वाटतें.

शिकारी सगळे एका मुखानें बोलतात असेंहि समजूं नये. त्यांची जुनी संस्था १८३० साली स्थापन झालेली असून १९३८ पासून सरकारनें रानांतील जनावरांच्या व्यवस्थेचें कांहीं काम तिजवर सोंपविलेलें आहे. ती ‘लांडगे असावेत पण थोडे’ असें म्हणते. दुसरी एक संस्था याहून पुष्कळ कडक आहे. आणि त्या नऊ मंडळींत एक बाई होत्या, शाळेंत शिकविणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘मागच्या साली माझ्या जागेवर बसलें असतां पहांटे लांडग्यांची आरोळी ऐकूं आली. सांगूं नये, पण मला तो दिवस एल्क मारल्याच्या दिवसाहून अधिक आठवतो.’ प्रमुखांनीं हें ऐकलें, पण त्यांस राग आल्याचें दिसलें नाहीं. ते एवढेंच म्हणाले कीं, लांडगा असावा कीं नसावा हें ज्यांनीं ठरविलें ते स्टॉकहोमला राहतात, आणि त्यांचा कुत्रा गादीवर निजतो. वनमालकांच्या कंपन्यांस एल्क कमी झाले तर हवेच आहेत, ही टोंचणी त्यांनीं जातां जातां जोडली.

मग त्यांनीं मला विचारलें, ‘तुमच्या देशांत लांडगा आहे काय?’ मीं सांगितलें कीं, आहे. दख्खनच्या माळावर आहे, पुणें-सोलापूरकडील कुरणांत आहे, आणि कायद्यानें त्यास वाघाइतकेंच संरक्षण आहे. आमच्याकडे तो कधीं नाहींसा झाला नाहीं, म्हणून परत आल्याचा धक्काहि कोणास बसला नाहीं. नोकरींत असतां लांडग्यानें मेंढ्या मारल्याच्या पंचनाम्यास मी दोनदां हजर होतों. पहिल्या वेळीं एका म्हाताऱ्या धनगरानें सही करतांना म्हटलें होतें, ‘भाऊसाहेब, त्याचा वांटा तो नेतोच, पण औंदा दोनदां नेला.’ हें वाक्य भाषांतर होऊन टेबलावर पोहोंचलें तेव्हां मंडळी हंसलीं. प्रमुख मात्र हंसले नाहींत. त्यांनीं विचारलें, ‘आणि त्याचा कुत्रा?’ मीं सांगितलें कीं, धनगराचा कुत्रा कळपापाशीं, धन्याच्या काठीच्या टप्प्यांत असतो. ते म्हणाले, ‘मग त्याला लांडग्याशीं बोलतां येतें.’ याचा नेमका अर्थ मला लागला नाहीं; जांवयांसहि लागला नाहीं.

संध्याकाळीं एक छापील तक्ता निघाला. हंगामाच्या आरंभींच्या दिवसांत प्रत्येक जथ्यानें किती माणसें किती तास बसलीं, किती नर, किती माद्या, किती पाडसें दिसलीं, हें त्यांत भरून द्यावें अशी पद्धत आहे. त्यावरून पुढील सालचे परवाने ठरतात. त्या हंगामाच्या पहिल्या आठवड्याचे तक्ते भरून झाले होते, तरी प्रमुख आपल्या वहींत रोजचा दिवस लिहीतच असत. त्यांनीं लिहिलें : माणसें नऊ, तास चार, एल्क शून्य, लांडगे दोन, पावलांवरून. अक्षर सुरेख होतें. रात्रीच्या जेवणांत एल्कचें मांस होतें. मी माळकरी असल्यामुळें बटाटे व रानांतल्या तांबड्या फळांचा मुरंबा खाल्ला, त्याचें त्यांस फार वाईट वाटलें.

आम्ही कार्लस्टाडला परतल्यावर पुढील आठवड्यांत जांवयांच्या सोबत्यांचा निरोप आला. रात्रीं पातळसा बर्फ पडला होता, सकाळीं सर्व वाटा तपासल्या, पावलें एकहि नव्हतीं. तेव्हां तरुणांपैकीं एकाचा कुत्रा सोडला. अर्ध्या तासांत त्यानें एल्क खिळविला, आणि त्यांनीं एक पाडस मारलें. मांसाचे नऊ वांटे केले. नववा वांटा प्रमुखांच्या घरीं पोंचविला. त्या दिवशीं ते रानांत आले नव्हते.